ठोकळे, रिकाम्या बाटल्या आणि पगार: एका प्रयोगाची गोष्ट

दीड-दोन वर्षांचं मूल चार ठोकळे एकावर एक ठेवतं, पाडतं, परत ठेवतं. आई शेजारी बसून म्हणते, "लाल कुठाय? दे बघू लाल." हा संवाद आणि त्या मुलाचा विसाव्या वर्षानंतरचा पगार यांचा काही संबंध आहे, असं कुणी म्हटलं तर तुम्ही काय म्हणाल? संशोधनाची तयारी करत असाल तर पहिला प्रश्न "खरंच का?" हा नको. "हे मोजलं कसं?" हा हवा. आज त्याबद्दलच बोलू.

प्रयोग जमैकातल्या किंग्स्टन शहरातला. सॅली ग्रँथॅम-मॅक्ग्रेगर, क्रिस्टीन पॉवेल, सुझन वॉकर आणि जॉन हाइम्स यांनी १९८६-८७ मध्ये गरीब वस्त्यांमधली ९ ते २४ महिन्यांची १२९ मुलं निवडली. सगळी वयाच्या मानाने उंचीला कमी, म्हणजे वाढ खुंटलेली. वाढ खुंटलेली मुलं बोलण्यात, हाताच्या कामांत, समजेत मागे पडतात हे ठाऊक होतंच. पण का? पोटात अन्न नाही म्हणून, की त्याच घरात खेळ-गप्पाही कमी म्हणून? गरिबीत या दोन्ही गोष्टी हातात हात घालून येतात. नुसत्या निरीक्षणातून त्या सुट्या करता येत नाहीत.

म्हणून त्यांनी मुलांचे चार गट केले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, यादृच्छिक. एका गटाला आठवड्याला एक किलो दुधाची पौष्टिक पावडर, दुसऱ्याला खेळ, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. तुलनेसाठी त्याच वस्त्यांमधली नीट वाढलेली ३२ मुलंही घेतली. याला दोन-बाय-दोन रचना म्हणतात. अन्नाचा परिणाम, खेळाचा परिणाम आणि दोन्ही मिळून काही वेगळं घडतं का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच प्रयोगात. मला ही रचना फार आवडते. साधी आहे आणि प्रश्नाच्या मापाने शिवलेली आहे.

आता "खेळ" म्हणजे नेमकं काय? इथे बरेच प्रबंध घसरतात. शब्द छान असतो, कृती धूसर. या प्रयोगात खेळ म्हणजे आरोग्य कार्यकर्तीने आठवड्यातून एकदा घरी येणं, तासभर आई आणि मूल दोघांसोबत बसणं. रिकाम्या बाटल्या, पुठ्ठा, लाकडाचे तुकडे यांची घरगुती खेळणी आणि चित्रांची पुस्तकं. खेळणी घरी ठेवून जायची, पुढच्या आठवड्यात बदलायची. मुलाशी बोलायचं, वस्तूंची नावं घ्यायची, जमलं की शाबासकी द्यायची. लक्षात घ्या, कार्यकर्ती तासाभराने निघून जाणार. आठवड्याचे उरलेले सगळे तास आईचे. म्हणजे खरी विद्यार्थिनी आईच. हे दोन वर्षं चाललं.

आणखी एक बारकावा, जो वाचताना सहज निसटतो. ज्यांना खेळ नव्हता त्यांच्या घरीही दर आठवड्याला भेट होती, आजारपणाची नोंद घ्यायला. नाहीतर कुणीही म्हणालं असतं की घरी बाहेरचं माणूस आलं, आईला बरं वाटलं, म्हणून मूल सुधारलं.

मोजमाप ग्रिफिथ्स चाचणीने: चालणं-पळणं, हात-डोळ्यांचा मेळ, ऐकणं-बोलणं आणि ठोकळे-आकार जुळवणं. निकाल १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. अन्नाने फायदा झाला, खेळानेही झाला, आणि दोन्ही फायद्यांची बेरीज झाली. दोन्ही मिळालेली मुलं दोन वर्षांत नीट वाढलेल्या मुलांच्या जवळ पोचली.

बहुतेक प्रयोग इथे संपतात, हा संपला नाही. मुलं १७-१८ वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासणी झाली. अन्नाचा फायदा विरला होता, खेळाचा टिकून होता. पुढे २२व्या वर्षी १२९ पैकी १०५ जण शोधून काढले. काही देश सोडून गेले होते, त्यांच्यापर्यंतही पोचले. पॉल गर्टलर, जेम्स हेकमन आणि मूळ चमूतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये लिहिलं: लहानपणी खेळ मिळालेल्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी जास्त.

आकडा ऐकून टाळ्या वाजवू नका, आधी नमुना बघा. १०५ माणसं म्हणजे फारच थोडी. लेखकांनाही हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी क्रमपरिवर्तन चाचणी वापरली: गटांची नावं हजारो वेळा उलटसुलट वाटायची आणि बघायचं, इतका फरक निव्वळ योगायोगाने किती वेळा येतो. तरीही माझं मत असं, की २५ या आकड्याला फार घट्ट धरू नये. परिणामाची दिशा पटते, पण टक्केवारी दुसऱ्या देशात जशीच्या तशी मिळेल असं समजायला आधार नाही.

कारण पुढे काय झालं बघा. कोलंबियात ९६ नगरपालिकांमधल्या १,४२० मुलांच्या चाचणीत हाच कार्यक्रम स्थानिक महिलांकरवी १८ महिने राबवला. लगेच फायदा दिसला, पण जमैकाच्या मानाने कमी. आणि दोन वर्षांनी पाहिलं तर तो उरला नव्हता! कारण एक नाही. कार्यक्रम मोठा केला की प्रशिक्षण आणि देखरेख पातळ होते. शिवाय तिथली मुलं जमैकातल्यांसारखी निवडून घेतलेली, वाढ खुंटलेली नव्हती.

आपल्याकडे ओडिशात १९२ गावांत याच पद्धतीचा प्रयोग झाला. तिथे प्रश्न आणखी व्यवहारी होता: एकेका घरी जाण्याऐवजी आयांना मुलांसह एकत्र बसवलं तर चालेल का? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात मुलांच्या समजेवर दोन्ही पद्धतींचा परिणाम जवळपास सारखा निघाला, आणि गटाचा खर्च बराच कमी. महाराष्ट्रात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वाढ खुंटलेली आहेत आणि अंगणवाडी बहुतेक गावांत आहे. तेव्हा या निकालाचं इथलं वजन वेगळं सांगायला नको. फक्त अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर आधीच किती रजिस्टरं आहेत तेही मोजा.

१९९१ चा मूळ पेपर जेमतेम पाच पानांचा आहे. वाचाल तेव्हा निष्कर्षाकडे उडी मारू नका. आधी पद्धतीचा भाग वाचा, आणि त्यावरून त्या एका तासात घरात काय काय घडलं असेल ते कागदावर लिहून काढा.