मिक्सर बंद पडला म्हणजे मोटार जळालीच असे नाही

मिक्सर बंद पडला की घरातून पहिला शब्द येतो, "मोटार जळाली." काही मिस्त्री मशीन न उघडताच त्याला दुजोरा देतात आणि रिवाइंडिंगचा आकडा सांगून मोकळे होतात. आमचा धंदा कापडाचा. पण यंत्रमागांच्या खडखडाटात उमर गेल्याने मोटारीशी संबंध रोजचा. आमचे मत असे की, ही शंका सर्वांत शेवटी घ्यावी.

यंत्रमागाच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो, भार वाढला की ट्रिप होतो. बहुतेक मिक्सरच्या तळाशीही असे एक लहान बटण असते. भिजवलेली डाळ गच्च भरून वाटली की ते बाहेर येते नि मशीन गप्प. स्विच बंद करून पिन काढावी, भांड्यातला माल कमी करावा, मशीन थंड झाल्यावर बटण दाबावे. पुष्कळ मिक्सर एवढ्यावरच सुरू होतात.

नाही झाला, तर त्याच पॉइंटवर दुसरे उपकरण लावून पाहावे. पॉइंट ठीक असेल तर वायर पिनेजवळ आतून तुटलेली असू शकते.

पुढची जागा कार्बन ब्रशची. मागाच्या थ्री-फेज मोटारीला ते नसतात, म्हणून आपले लोक इथे चकतात. मिक्सरमध्ये दोन असतात. कॉम्युटेटरवर घासून झिजतात. मशीन थांबत-थांबत चालणे, ठोकल्यावर सुरू होणे, आत जास्त ठिणग्या उडणे या त्याच्या खुणा. दोन्ही एकदम बदलावेत. रिवाइंडिंगपुढे हा खर्च किरकोळ आहे. कारागीर बंधूंनी जुने ब्रश ग्राहकाच्या हातात द्यावेत, पुढच्या वेळी तो दुसरीकडे जाणार नाही.

मोटार फिरते पण पाते फिरत नाही, तर कपलर झिजला. रिकामे चालवूनही बटण पुन्हा उडते, जळका वास येतो, तेव्हा मात्र वाइंडिंग.

हाताला झिणझिण्या आल्या तर गोष्ट वेगळी. मिक्सर तिथेच थांबवावा. तीन पिनांतली जाड, लांब पीन अर्थिंगची. ती काढून दोन पिनांवर काम भागवलेले असेल, तर धातूच्या बॉडीत उतरलेला करंट ओल्या हातांतून जमिनीत जातो. घरात एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नये. तो तारेला जळण्यापासून वाचवतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. त्यावरचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून, तो पडतो की नाही पाहावे.