एक गोळी, तीन यकृते

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा मुलूख. डवरणीच्या दिवसांत अशा गावांत माणसाची कंबर धरते आणि जुवाखाली बैलाचा खांदा सुजतो. १९९० च्या दशकात देशभर या दोन्ही दुखण्यांवर एकच औषध सर्रास दिले जाई : डायक्लोफेनॅक. माणसाला गोळी, बैलाला इंजेक्शन. दोघांनाही आराम पडे आणि पुढे ते औषध शरीरातून नाहीसे होई. हे नाहीसे होणे यकृताची करामत आहे.

डायक्लोफेनॅक १९७३ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी कंपनीच्या आल्फ्रेड झाल्मान आणि रुडोल्फ फिस्टर या रसायनशास्त्रज्ञांनी तयार केले. सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात ज्या विकराच्या साहाय्याने बनतात, त्या विकरालाच ते अडवते. पण त्याचा रेणू स्निग्धप्रेमी आहे. रक्तात उतरला की त्याचा नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतो. अशा रेणूला मूत्रपिंडातून बाहेर काढणे अवघड, कारण जे थोडेफार गाळले जाते तेही स्निग्ध पटलातून पुन्हा रक्तात शिरू शकते. त्याला आधी पाण्यात विरघळेल असे रूप द्यावे लागते.

दीड किलोच्या आसपास वजनाच्या यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते आणि त्यातले बरेचसे थेट आतड्यांकडून आलेले असते. म्हणून गिळलेल्या गोळीची गाठ शरीरात इतरत्र पोहोचण्याआधीच यकृताशी पडते. पन्नास मिलिग्रॅम घेतले, तर त्यातले जवळजवळ निम्मे या पहिल्याच फेरीत बदलून जाते.

बदल घडवणारे मुख्य कामगार म्हणजे सायटोक्रोम पी-४५० या घराण्यातील विकरे. या घराण्याचे नाव प्रकाशाच्या ४५० नॅनोमीटर तरंगलांबीवरून पडले. डायक्लोफेनॅकपुरता त्यातला सीवायपी-२सी९ हा सदस्य महत्त्वाचा. तो आपल्या श्वासातून आलेल्या ऑक्सिजनच्या रेणूतील एक अणू औषधाच्या कड्याला जोडतो आणि दुसऱ्याचे पाणी करतो. झालेल्या नव्या पदार्थात वेदना शमवण्याची शक्ती फारच थोडी उरते. दुसऱ्या टप्प्यात त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडले जाते. हे आम्ल यकृत ग्लुकोजपासूनच बनवते. म्हणजे जेवणातल्या भाकरीची साखर शेवटी गोळीच्या रेणूला जाऊन चिकटते! आता तो रेणू पाण्यात सहज विरघळतो. त्यातला मोठा वाटा लघवीवाटे जातो, उरलेला पित्तावाटे. मूळ रूपातले औषध लघवीत एक टक्काही नसते. माणसाच्या रक्तातील त्याचे प्रमाण तास-दोन तासांत निम्म्यावर येते.

सगळेच तुकडे निरुपद्रवी असतात असे मात्र नाही. काही डायक्लोफेनॅकला थेट ग्लुकुरॉनिक आम्ल जोडले जाते. तो पदार्थ प्रथिनांना चिकटू शकतो, आणि क्वचित कुणाच्या यकृताला या औषधाने जी इजा होते तिच्यामागे हे एक कारण मानले जाते. ‘साधी दुखण्याची गोळी’ म्हणून महिनोन्महिने स्वतःच्या मनाने ती घेत राहणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

बैलाचे यकृतही हेच काम करते, पण सावकाश. त्याच्या रक्तातील औषध निम्मे व्हायला सुमारे बारा तास लागतात. इंजेक्शननंतर आठवडाभराने बैल मेला तर त्याच्या मांसात चिंता करण्याजोगे काही उरत नाही. दोन दिवसांत मेला तर मात्र यकृतात आणि मूत्रपिंडात औषध शिल्लक असते. पूर्वी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की गिधाडे उतरत.

तिसरे यकृत त्यांचे. जिप्स वंशाच्या गिधाडांत हे औषध मोडण्याची प्रक्रिया अतिशय मंद आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला मरायला वजनाच्या दर किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम पुरते. पाच किलोच्या पक्ष्यासाठी हे फार तर एक मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या गोळीचा पन्नासावा हिस्सा. त्याची मूत्रपिंडे निकामी होतात, एरवी विष्ठेबरोबर पडणारे युरिक आम्ल आत साचते आणि काळीज, यकृत यांवर खडूसारखा पांढरा थर चढतो. एक-दोन दिवसांत पक्षी मरतो. अमेरिकेतील टर्की गिधाडाने मात्र याच्या कित्येक पट मात्रा सहज पचवली. दोघांना आपण गिधाड म्हणतो, पण त्यांची कुळे वेगळी.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील गिधाडांची घट १९९९ मध्ये नोंदवली. आधी संशय एखाद्या विषाणूवर होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मृत पक्ष्यांवरून खरे कारण दाखवून दिले. तोवर भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळपास संपली होती. १९९२ ते २००७ या काळात त्यांची घट ९९ टक्क्यांहून अधिक. इतका संहार व्हायला शंभरात एखादे मृत जनावर औषधयुक्त असणेही पुरेसे होते, असा हिशेब अभ्यासकांनी मांडला आहे.

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदीचे पाऊल उचलले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोहोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरती केली गेली. नंतर एसिक्लोफेनॅकचा घोळ पुढे आला. हे वेगळे औषध म्हणून विकले जाई, पण जनावराच्या शरीरात त्याचे रूपांतर थेट डायक्लोफेनॅकमध्ये होते. इथे औषध मोडून निष्क्रिय होण्याऐवजी मोडूनच विष तयार होते. त्यावर आणि किटोप्रोफेन या दुसऱ्या वेदनाशामकावर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्झिकॅम हे वेदनाशामक मात्र गिधाडाचे शरीर काही तासांत मोडून टाकते. बैलाच्या सुजलेल्या खांद्यालाही ते चालते.