आमच्या जीपला आलेला ताप

आमच्या पुतण्याला गाड्यांचे वेड. यवतमाळच्या पोराला कापसाचे भाव पाठ असावेत ही वडीलधाऱ्यांची अपेक्षा. याला पाठ टर्बोचा दाब! गेली दिवाळी आटोपताच त्याने आपल्या डिझेलच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचे ट्यूनिंग करून घेतले आणि पाठोपाठ मोठा थोरला इंटरकूलर बसवला. (असले फेरफार १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम कितपत खपवून घेते, हे मी त्याला विचारले. त्याने विषय बदलला.)

हा इंटरकूलर म्हणजे काय, तेवढे मात्र त्याने मन लावून सांगितले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूंच्या जोरावर चक्र फिरवून इंजिनात हवा कोंबायची, ही आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराची १९०५ सालची कल्पना. तोच टर्बो. पण सायकलचा पंप मारताना जसा तापतो, तशी दाबलेली हवाही तापते. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश! ती हवा दुप्पट दाबली, की १४० अंशांच्या घरात जाते. तापलेली हवा विरळ. इंटरकूलरच्या जाळीतून ती ६५ अंशांवर आणली, तर तेवढ्याच जागेत पाचवा हिस्सा हवा अधिक मावते. ट्यूनिंगने डिझेल वाढते, पण त्याला पुरेशी हवा नसली तर काळा धूर निघतो आणि धुराचे तपमान भडकते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते; त्याचा पिस्टन तगतो तो तेलाचा शिडकावा मिळतो आणि आगीची झळ क्षणभरच लागते म्हणून. तेव्हा धुराचे तपमान दाखवणारा काटाही गाडीत आला. पुतण्याचे सारे लक्ष त्या काट्यावर.

हिवाळा झोकात गेला. मे महिन्यात आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, हृदयाच्या तपासणीसाठी पुसदहून यवतमाळला आणायचे होते. वय ७८. दुपारी बाराला निघालो, ही पहिली चूक.

दिग्रस सोडल्यावर एका चढावर पुढे भरलेला ट्रॅक्टर आला. गाडी रांगू लागली. "धुराचा काटा बघा काका, कसा शांत आहे!" पुतण्या म्हणाला. मी बघत होतो दुसराच काटा, पाण्याचा. तो लाल रेघेला टेकला होता.

त्याने चटकन एसी बंद केला, काचा उघडल्या, आणि हीटर पूर्ण सोडला! भर मे महिन्यात! हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. इंजिनाची तेवढी उष्णता आत ओढली जाते. उपाय बरोबर होता, पण मागे आक्काचा चेहरा लालबुंद झाला. "अरे, डॉक्टरकडे नेतोस की भाजायला?" तिचा आवाज खोल गेला होता. त्या आवाजाची मला आजही धास्ती वाटते.

कडुलिंबाखाली गाडी थांबली. आक्काला उतरवले, ओला पंचा डोक्यावर ठेवला. इंजिन थोडा वेळ चालूच ठेवले आणि मग बंद केले. रेडिएटरचे झाकण उघडायला निघालेल्या एका परोपकारी वाटसरूला हात धरून आवरले. उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर आला असता. तासाभराने दुसरी गाडी मिळाली. आक्काची तपासणी सुखरूप पार पडली.

गाडी मिस्त्रीकडे गेली. त्याने पुढची जाळी सोडवली. सर्वांत पुढे एसीचा कंडेन्सर, त्यामागे नवा इंटरकूलर, त्यामागे रेडिएटर! तीन पदर, पहिल्या दोघांची तापलेली हवा तिसऱ्याच्या वाट्याला. आणि फटीत काय, तर रुई! हंगामभर जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांमागे धावून ओढलेली, धुळीने थापून बसलेली, गोधडीसारखी.

"इंजिनाची हवा थंडी केली तुमी," मिस्त्री म्हणाला, "पन पान्याची हवा त बंद केली ना भाऊ!"

त्याने मागच्या बाजूने, बेताच्या धारेने जाळ्या धुतल्या. जोराच्या धारेने पाकळ्या वाकतात. हवा बाजूने निसटू नये म्हणून पत्र्याचे आडोसे घातले. ट्यूनिंगही थोडे उतरवले. पुतण्याचे तोंड उतरले, पण तो काही बोलला नाही.

परवा आक्का पुन्हा तपासणीला निघाली. कापूस यायला लागला आहेच. पायरीवर पाय ठेवण्याआधी तिने विचारले, "रुई काढलीस का रे?" पुतण्या टॉर्च घेऊन जाळीपुढे उकिडवा बसला होता.