अंगणातले तंबू

साखळदंड, कोठडी, शस्त्रक्रिया, गोळ्या. मानसिक आजारावरच्या उपचारांचा इतिहास साधारण याच क्रमाने सांगितला जातो. अमृतसरच्या इस्पितळात उभारलेल्या तंबूंची गोष्ट मात्र त्यात सहसा येत नाही. आपल्या कामाची तीच आहे.

‘ए, येरवड्याला भरती करा रे याला!’

कट्ट्यावर हे वाक्य किती वेळा ऐकलंय? पुण्यात येरवडा, मुंबईत ठाणे. जिथे सरकारी मनोरुग्णालय, तिथलं नाव चेष्टेला आलंच. पण या चेष्टेमागे एक जुनी समजूत आहे : मन बिघडलेल्या माणसाला उचलायचं आणि चार भिंतींआड ठेवायचं. शेकडो वर्षं जगभर तेच चाललं होतं.

आधी कोंडा, मग बघू

लंडनचं बेथलेम इस्पितळ घ्या. अठराव्या शतकात लोक तिथे ‘वेडे बघायला’ जायचे, प्राणिसंग्रहालयात जावं तसे. इंग्रजीत गोंधळ-गोंगाटाला ‘बेडलम’ म्हणतात, तो शब्द याच इस्पितळाच्या नावावरून आला.

पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात 1797 मध्ये रुग्णांच्या साखळ्या काढल्या गेल्या. श्रेय मिळालं डॉ. फिलिप पिनेल यांना. प्रत्यक्षात हे काम केलं जाँ-बाप्तिस्त पुसाँ यांनी. ते डॉक्टर नव्हते. गंडमाळेच्या आजारासाठी त्याच इस्पितळात दाखल झाले होते, बरे झाले आणि पुढे तिथेच देखरेखीचं काम करू लागले. रुग्णांमध्ये दिवसरात्र वावरणाऱ्या या माणसाला कळलं, की यांना बांधून ठेवायची गरज नाही. पिनेल यांचा मोठेपणा हा, की त्यांनी पुसाँकडून शिकायला कमीपणा मानला नाही.

आपल्याकडे इंग्रजांनी ‘ल्युनॅटिक असायलम’ उभारली आणि 1912 मध्ये ‘इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट’ आणला. त्यात भर उपचारांपेक्षा ताब्यात ठेवण्यावर. स्वातंत्र्य मिळालं, राज्यघटना आली, हा कायदा मात्र हलला नाही. त्याच्या जागी 1987 चा कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला 1993 साल उजाडलं.

गोळी आली

मध्यंतरी विज्ञानही चाचपडत होतं. मेंदूतले काही जोड तोडणारी लोबोटॉमी ही शस्त्रक्रिया शोधणाऱ्या इगास मोनिझ यांना 1949 मध्ये नोबेल मिळालं. नंतर तिचे दुष्परिणाम समोर आले आणि ती मागे पडली. त्याच 1949 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो हे दाखवलं. 1952 मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देणं सुरू झालं. आपल्या सर्पगंधेपासून मिळणारं रेसर्पिनही त्याच दशकात जगभर वापरलं गेलं. ज्यांना आयुष्यभर आतच राहावं लागलं असतं, अशी कितीतरी माणसं या औषधांमुळे घरी जाऊ शकली.

पण घरी कुणी वाट बघत असेल तरच ना!

अमृतसरचा प्रयोग

फाळणीनंतर दोन्ही देशांनी मनोरुग्णांचीही अदलाबदल केली. लाहोरच्या इस्पितळातले हिंदू आणि शीख रुग्ण अमृतसरला आले. मंटोची ‘टोबा टेकसिंग’ ही कथा याच अदलाबदलीवरची.

त्या अमृतसरच्या इस्पितळाचे प्रमुख होते डॉ. विद्यासागर. खच्चून भरलेले वॉर्ड आणि मोजके कर्मचारी. 1950 च्या दशकात त्यांनी साधीच गोष्ट केली. इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना सांगितलं, पेशंटला सोडून जाऊ नका, त्याच्यासोबत इथेच राहा.

झालं काय, तर रुग्ण लवकर सावरू लागले. आजार म्हणजे काय, काळजी कशी घ्यायची, हे घरच्यांना डोळ्यांसमोर दिसलं. ‘बाहेरची बाधा’ वगैरे भीती कमी झाली. आपला माणूस बरा होताना ज्यांनी स्वतः पाहिला, ते त्याला घरी न्यायला कचरले नाहीत. पुढे वेल्लोरमध्येही कुटुंबाला सोबत ठेवून उपचार सुरू झाले.

आणि तरीही एरवाडी

6 ऑगस्ट 2001. तमिळनाडूतलं एरवाडी. तिथल्या दर्ग्यामुळे बरं वाटेल या आशेने लोक मनोरुग्णांना घेऊन यायचे आणि आसपासच्या खासगी आश्रयगृहांत ठेवून जायचे. पहाटे एका झोपडीवजा आश्रयगृहाला आग लागली. माणसं साखळीने बांधलेली होती. पळता आलं नाही. 28 जण गेले.

म्हणजे बिसेत्रच्या साखळ्या निघून दोनशे वर्षं झाली होती. औषधं येऊन पन्नास. आणि अमृतसरचे तंबू आपल्याच देशातले. ज्ञान होतं, ते त्या झोपडीपर्यंत पोचलं नाही.

त्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यावर थेट बंदी घातली. उपचार मिळणं हा हक्क ठरला. पुढे आपण आजारी पडलो, तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं. आपल्या वतीने कुणी बोलायचं, तेही आपणच ठरवायचं. विमा कंपन्यांनी शारीरिक आणि मानसिक आजारात भेद करायचा नाही, असंही हा कायदा सांगतो.

आपल्या हातात काय?

कायदा साखळी काढू शकतो. ‘नाटकं करतोय’, ‘अटेन्शन हवंय तिला’ ही वाक्यं तो थांबवू शकत नाही.

तुमचा रूममेट आठवडाभर मेसला आला नसेल, लेक्चरला येणं बंद झालं असेल, तर त्याला डॉक्टरसारखं तपासायला जाऊ नका. विचारा, ऐका, लेक्चर देऊ नका. तो तयार असेल तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याच्यासोबत जा. बाहेर बाकावर बसून राहा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकू आली, तर मात्र ती गुपित म्हणून ठेवू नका. त्याला एकटं सोडू नका आणि लगेच एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते. मराठीतही बोलता येतं.

नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. कदाचित मित्रासाठी लागेल, कदाचित स्वतःसाठी.