लढाईचे मूळ थकबाकीत

युद्ध धर्मासाठीच होते, असे बाजारात नेहमी ऐकू येते. आम्ही सोनईचे कापडवाले आधी हिशेब पाहतो. आपल्याच जिल्ह्यात खर्ड्याला १७९५ साली मराठे व निजाम लढले. मूळ कारण चौथाईची थकबाकी. १९८० साली इराक-इराण भिडले. त्यात शत-अल-अरब नदीवरील हक्काचा वाद होता. १९९० साली इराकने कुवेत घेतले. त्यामागे कुवेतचे कर्ज, तेलाचा भाव आणि रुमैला तेलक्षेत्राचा तंटा. या दोन्ही युद्धांत समोरासमोर मुसलमानच होते. पॉलिएस्टर सूत खनिज तेलापासून बनते, म्हणून तिकडे तोफ धडाडली की इकडे ताग्याचा भाव हलतो. तेव्हा व्यापारी बंधूंनो, युद्धाच्या अफवेवर उधारीचा माल भरू नका. देणेघेणे लिहून ठेवा, वेळेत मिटवा.