काडीमोडानंतरचे निवृत्तिवेतन

चूल, मुले आणि दुखणीखुपणी सांभाळण्यात जिची उमेद गेली, पगारपत्रकावर जिचे नाव कधी चढलेच नाही, तिचा काडीमोड झाला तर म्हातारपणी तिने काय खावे? अमेरिकेत 1935 साली ‘सोशल सिक्युरिटी’चा कायदा झाला, तेव्हा त्यात याला उत्तर नव्हते. ते आले 1965 साली. तेही संसार वीस वर्षे टिकला असेल तरच! 1977 च्या दुरुस्तीने ही अट दहा वर्षांवर आणली.

ही मोजणी मात्र काटेकोर. लग्नापासून घटस्फोटाच्या अंतिम हुकुमापर्यंत दहा वर्षे भरली पाहिजेत. नऊ वर्षे अकरा महिने झाले, तर हाती काही नाही. वयाची 62 वर्षे पूर्ण हवीत, पुन्हा लग्न केलेले नसावे, आणि तिचे स्वतःचे वेतन याहून कमी असावे. मग माजी नवऱ्याच्या वेतनाच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते. लवकर मागितली तर कमी. पुरुषालाही हाच नियम.

यात नवऱ्याचा पैसा कापला जात नाही, त्याच्या नव्या बायकोचाही नाही. त्याची संमती लागत नाही. करारपत्रात ‘हक्क सोडला’ असे तिने लिहून दिले असले, तरी ते इथे चालत नाही!

तुमची लेक तिकडे असेल आणि लग्न इकडे गावी लागले असेल, तर विवाहनोंदणीचा दाखला तिच्यापाशी आहे ना, एवढे विचारा. अर्जाच्या वेळी तो मागतात.