उटीच्या गाडीचं इंजिन मागे का?

परवा ऑफिसात एकीने विचारलं, "सुट्टीत डोंगरातून जाणाऱ्या गाडीने फिरायचं आहे, कुठे जाऊ?" मी डोळे झाकून सांगितलं, मेट्टुपालयम ते उटी!

अंतर फक्त ४६ किलोमीटर, पण चढायला साडेचार तासांहून जास्त लागतात.

खरी गंमत कल्लार ते कुन्नूरच्या टप्प्यात. तिथे साधारण १२ फुटांमागे १ फूट चढ आहे. नुसत्या रुळांवर चाकं घसरतील, म्हणून मधोमध दात्यांची पट्टी बसवली आहे. इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकतं आणि गाडी वर सरकते.

इंजिन उताराच्या बाजूला, म्हणजे चढताना मागे! डबे सुटून खाली घरंगळू नयेत म्हणून. सगळ्यात पुढच्या डब्यावर झेंडी घेतलेला ब्रेकमन उभा असतो.

हिलग्रोव्हला इंजिन पाणी पितं, तेव्हा खाली उतरून दातेरी पट्टी जवळून बघा. हातातलं बिस्कीट मात्र सांभाळा. माझं माकडाने नेलं!

२००५ पासून ही रेल्वे जागतिक वारसा आहे, त्यामुळे गर्दी असतेच. आरक्षण लवकर करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात दरडी कोसळून गाडी रद्द होऊ शकते.